रोड, रेड आणि पायी चालणारा

मराठी वर्तमानपत्राचा कुठलाही अंक उघडा. एका पानावर कुणाच्या तरी बंगल्यावर ‘रेड’ पडलेली असते आणि दुसऱ्या पानावर कुठल्या तरी ‘रोड’चं काम रखडलेलं असतं. हे दोन शब्द मुळात एकच. जुन्या इंग्रजीत ‘राड’ असा शब्द होता आणि त्याचा रस्त्याशी काडीचाही संबंध नव्हता. घोड्यावर बसून जाणं, मजल मारणं, चालून जाणं हा त्याचा अर्थ. ‘राइड’ या क्रियापदापासून झालेलं ते नाम. इंग्लंडच्या दक्षिणेकडे उच्चार बदलत बदलत त्याचा ‘रोड’ झाला, स्कॉटलंडमध्ये ‘रेड’. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या टोळ्या रात्रीच्या घोड्यांवरून यायच्या आणि गुरं हाकलून न्यायच्या, त्या धाडीचं नाव रेड. एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे तो उच्चार उरलेल्या इंग्रजीतही रुळला आणि तिथून फिरत फिरत आपल्याकडच्या आयकर खात्यापर्यंत पोचला.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपला ‘स्वारी’ हा शब्द तेच दोन्ही अर्थ सांभाळून आहे. घोड्यावरची स्वारी आणि मुलखावरची स्वारी. फक्त आपण स्वारीचा रस्ता केला नाही, इंग्रजांनी केला.

आणि तोही फार उशिरा. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात राजा आखीश दाविदाला विचारतो की आज तुम्ही ‘रोड’ कुठे केलात. त्याला डांबरीकरण विचारायचं नाही, आज कुणाला लुटलंत हे विचारायचं आहे. जुन्या इंग्रजी काव्यात समुद्राला देवमाशाचा ‘राड’ म्हटलेलं आहे, म्हणजे देवमासा जिथून स्वारीसारखा जातो ती जागा. जहाजं नांगर टाकून लाटांवर डुलत राहतात, त्या बंदराबाहेरच्या पाण्यालाही इंग्रजीत ‘रोड्स’ म्हणतात. अमेरिकेत व्हर्जिनियातलं हॅम्प्टन रोड्स हे नाव ऐकून कुणी चौपदरी रस्ता शोधायला जाईल तर समोर नुसतं पाणी दिसेल. जमिनीवरची, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी वाट या अर्थानं ‘रोड’ रूढ झाला तो १५९० च्या दशकात, शेक्सपिअरच्या काळात. त्याआधी इंग्रज माणूस ‘वे’ म्हणायचा किंवा ‘स्ट्रीट’ म्हणायचा.

याचा पुरावा लंडनमध्ये अजून आहे. लंडनच्या पोटात ‘सिटी’ म्हणून जो जुना एक चौरस मैलाचा भाग आहे, तिथे स्ट्रीट आहेत, लेन आहेत, अ‍ॅली आहेत, पण ‘रोड’ नावाचा रस्ता शतकानुशतकं नव्हता. १९९४ साली सिटीची हद्द थोडी सरकवली तेव्हा गॉसवेल रोडचा एक तुकडा आत आला, तेवढाच. कारण साधं आहे: गल्ल्यांची नावं पडली तेव्हा त्या अर्थाचा शब्दच जन्माला यायचा होता. ‘स्ट्रीट’ मात्र आधीपासून होता, कारण तो रोमनांचा. लॅटिनमध्ये अंथरलेल्या, फरसबंदी केलेल्या वाटेला ‘स्ट्राटा’ म्हणायचे. रोमन सैन्यानं ब्रिटनभर दगड अंथरून सरळसोट रस्ते केले, सैन्य निघून गेलं, रस्ते राहिले आणि त्यांचं नावही राहिलं.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते टाळलं तर कुणीतरी पाठवणारच आहे. ‘रोड’ हा शब्द संस्कृत ‘रथ’पासून आला असं सांगणारे संदेश मोबाइलवर फिरत असतात. तसं नाही. ‘रथ’चं सख्खं नातं लॅटिनमधल्या चाकाच्या शब्दाशी आहे, ज्यातून रोटरी, रोटेशन हे शब्द आले. नातं शोधायचीच हौस असेल तर ‘वे’चं शोधा. ‘वे’ आणि आपला ‘वह्’ धातू, म्हणजे वाहन, वाहतूक, एवढंच काय विवाहसुद्धा, एकाच मुळाची पोरं आहेत, आणि ही गोष्ट भाषाशास्त्रात पक्की आहे. खरं नातं हाताशी असताना लोक खोटं का मिरवतात, कोण जाणे.

असो. एका इंग्रजी शब्दाचं कुळ शोधत बसायचं कारण काय? कारण त्या शब्दाचा प्रवास आणि रस्त्यावरचा आपला सध्याचा मोठा तंटा एकाच दिशेनं गेले आहेत. आधी ‘रोड’ म्हणजे जाणं होतं. मग जिथून जातात ती जमीन झाली. मग त्या जमिनीवर टाकलेली खडी आणि डांबर झालं. मराठीत तो शब्द आला तेव्हा तिसऱ्या अवस्थेत होता, आणि आपण तेवढाच उचलला. ‘रोड झाला’ म्हणजे काँक्रीट पडलं. ‘रोड खराब आहे’ म्हणजे खड्डे आहेत. त्यावरून शाळेत जाणारं पोर, काठी टेकत जाणारी आजी, हातगाडी ओढणारा हमाल जाऊ शकतो की नाही, हा प्रश्न ‘रोड’ या शब्दात मावेनासा झाला. माझं म्हणणं एवढंच की रस्ता हा आधी जाण्याचा हक्क आहे आणि मग बांधकाम. आणि महाराष्ट्रातल्या शहरांनी हा क्रम कागदोपत्री, नकाशावर, पैशात उलटा करून ठेवला आहे.

आता एक प्रामाणिक अडचण. शब्दाच्या मुळाचा दाखला देऊन हे म्हणणं सिद्ध करता येत नाही. उलट मुळाकडे गेलो तर खटला पायी चालणाऱ्याच्या विरुद्धच जातो. ‘रोड’ हा पहिल्यापासून स्वाराचा शब्द. घोडेस्वार, दरोडेखोर, सरदार. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला ‘पाथ’ आला. म्हणून शब्दकोश उघडून ‘बघा, रोड म्हणजे मुळात प्रवास, म्हणून तो सगळ्यांचा’ अशी हाकाटी करणाऱ्यांशी मी सहमत नाही. शब्दाचं मूळ कुणाला बांधील नसतं. नाहीतर ‘मार्ग’चं नातं मृगाशी, जनावराचा माग काढण्याशी जोडतात म्हणून महामार्ग शिकाऱ्यांच्या ताब्यात द्यावे लागतील. हक्क कुठून येतो ते पाहायचं तर शब्दकोश मिटून कायद्याचं पुस्तक उघडावं लागतं. आणि तिथे इंग्रजांची गोष्ट वेगळीच निघते.

इंग्लंडच्या रूढ कायद्यात ‘हायवे’ ही जमीन नसते. जमीन एखाद्या उमरावाची असू शकते. तिच्यावरून येण्याजाण्याचा लोकांचा हक्क, तो हायवे. त्यावर दगड असोत, चिखल असो, गवत असो. हा हक्क न वापरल्यानं संपत नाही. एकदा हायवे तो कायमचा हायवे असं तिथलं सूत्रच आहे. याचा एक नमुना १८९३ च्या निकालसंग्रहात आहे आणि तो मोठा गमतीदार आहे. ड्यूक ऑफ रटलंडच्या माळरानातून एक सार्वजनिक रस्ता जात होता. ड्यूक आणि त्याचे पाहुणे रानकोंबड्यांची शिकार करत होते. हॅरिसन नावाचा एक गृहस्थ त्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि रुमाल हलवू लागला, छत्री उघडू लागला, मिटू लागला, पुन्हा उघडू लागला. पक्षी बंदुकांच्या दिशेनं जाऊच नयेत हा बेत. ड्यूकच्या माणसांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. तो कोर्टात गेला आणि हरला. कोर्टानं म्हटलं की रस्त्यावरून जायचा तुला हक्क होता, पण तू जात नव्हतास, तू छत्री उघडमीट करत होतास. तेवढ्यापुरता तू दुसऱ्याच्या जमिनीत घुसखोर.

निकाल अन्यायाचा वाटतो, आणि मला तो आहेच असं वाटतं. पण त्याच्या आतला विचार पाहा. रस्ता म्हणजे काय, तर जाणं. ड्यूकची मालकी त्या जाण्यापुढे थांबते. शंभरेक वर्षांनी, १९९९ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच) हा विचार आणखी सैल केला. १९९५ च्या जूनमध्ये स्टोनहेंजजवळच्या रस्त्याच्या कडेला वीसेक माणसं शांतपणे जमली होती, त्यांच्यातल्या काहींवर खटला झाला. लॉर्ड्सनी बहुमतानं सांगितलं की सार्वजनिक रस्ता हे लोकांचं ठिकाण आहे; दुसऱ्यांच्या जाण्यायेण्याला अडथळा होत नसेल तर तिथे थांबणं, बोलणं, जमणं हाही वाजवी वापर होऊ शकतो. म्हणजे कायद्यानं ‘जाणं’ला ‘असणं’ही जोडून दिलं. कुठल्याही डांबराच्या थराचा यात उल्लेख नाही.

डांबर आलं ते दुसऱ्या बाजूनं, पैशाच्या बाजूनं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हजाराच्या आसपास टर्नपाइक मंडळं होती. रस्ता दुरुस्त करायचा आणि फाटक लावून पैसे घ्यायचे, म्हणजे आजचा टोल. जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटिश माणूस १८१६ साली ब्रिस्टलच्या अशाच मंडळाचा सर्वेक्षक झाला आणि त्यानं बारीक फोडलेल्या खडीचे थर दाबून रस्ता करायची पद्धत बसवली. त्याच खडीवर डांबर ओतायचं पेटंट १९०२ मध्ये नॉटिंगहॅमशरच्या एडगर हूली या सर्वेक्षकानं घेतलं आणि ‘टारमॅक’ जन्माला आला. तोवर लोकांनी फाटकांशी दोन हात करूनही झाले होते. वेल्समध्ये १८३९ पासून शेतकऱ्यांनी बायकांचे कपडे घालून, ‘रेबेका’ हे नाव घेऊन रात्री टोलची फाटकं फोडली. शेतात टाकायच्या चुन्याच्या गाडीलाही प्रत्येक नाक्यावर पैसे मोजावे लागत होते. आमच्या कोल्हापूरकरांना ही हकिकत परकी वाटायची नाही.

पण कशावर कुणाचा हक्क हा प्रश्न खऱ्या अर्थानं फिरला तो मोटारीनंतर, आणि अमेरिकेत. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरातल्या ४२ हजार लोकांनी सह्या करून मागणी केली की प्रत्येक मोटारीत असं यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांच्या वर जाऊच नये. गाड्या लहान मुलांना चिरडत होत्या. मोटार विकणारे खडबडून जागे झाले, प्रचाराचा धडाका उडवला आणि त्या मागणीवरच्या मतदानात तिला हरवलं. मग एक शब्द चलनात आणला गेला: ‘जेवॉकर’. ‘जे’ म्हणजे गावंढळ, अडाणी. शहरात कसं चालायचं हे न कळणारा खेडवळ. शतकानुशतकं जो माणूस रस्त्याच्या मधून चालत होता, पोरं जिथे खेळत होती, फेरीवाला जिथे उभा होता, तो एका शिवीनं गुन्हेगार झाला. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसनं पायी चालणाऱ्याला आखून दिलेल्या पट्ट्यांवरूनच ओलांडायला लावणारा नियम केला आणि बाकीच्या शहरांनी तो उचलला. कॅलिफोर्नियानं २०२३ पासून, धोका नसेल तर असं रस्ता ओलांडण्याबद्दल दंड करणं बंद केलं आहे. शिवी द्यायला दोन-चार वर्षं लागली, परत घ्यायला शंभर.

आपल्याकडे तेवढंही झालेलं नाही, कारण आपल्याकडे शिवीची गरजच पडली नाही. हिशेबानंच काम झालं. १९२७ साली सरकारनं रस्त्यांसाठी एक समिती नेमली, अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. रस्त्यांना पैसा कुठून आणायचा, तर पेट्रोलवर जादा कर बसवा, असा समितीचा सल्ला. त्यातून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था. पुढे १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात बसले आणि ‘नागपूर योजना’ तयार झाली: राष्ट्रीय मार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते अशी उतरंड, आणि १०० चौरस किलोमीटरला इतके किलोमीटर रस्ता हे माप. त्या काळी ते गरजेचंच होतं. गावंच्या गावं पावसाळ्यात तुटायची. जयकरांना किंवा नागपूरच्या अभियंत्यांना दोष द्यायचं कारण नाही. पण दोन सवयी तिथून लागल्या त्या सुटल्या नाहीत. एक, पेट्रोल जाळणारा पैसे भरतो म्हणून रस्ता त्याचा. दोन, रस्ता किलोमीटरमध्ये मोजायचा, त्यावरून किती माणसं सुखरूप गेली यात नाही.

आजही सत्तेतला प्रत्येक जण किलोमीटरच सांगतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. मुंबईत २०२३ च्या जानेवारीत एका दमात सुरू केलेलं काँक्रिटीकरण सुमारे ४०० किलोमीटर, ६ हजार कोटींचं. समृद्धीबद्दल माझी तक्रार नाही. १२० च्या वेगानं गाड्या धावणार तिथे पायी माणूस आणि दुचाकी नकोच. तो रस्ता मुळात त्या जुन्या अर्थानंच ‘रोड’ आहे, स्वारांचा. तक्रार ही आहे की शहरातल्या पेठेतला, शाळेसमोरचा, भाजी मंडईतला रस्तासुद्धा आपण त्याच मापानं मोजतो. टोलमाफीतही हेच दिसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या ५ प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, पेढे वाटले गेले. त्याच नाक्यांच्या आसपास रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरणाऱ्याला कुठली सवलत द्यायची, हा विषय कुठल्याही जाहीरनाम्यात नसतो.

२०२२ मध्ये देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यातले सुमारे ३३ हजार पायी चालणारे होते. दर पाचातला एक. हे लोक रोडवर मेले, पण रोडच्या हिशेबात ते कधी नव्हतेच.

याला उत्तर म्हणून फुटपाथकडे बोट दाखवलं जातं. तर पुण्यातला कुठलाही मध्यम वस्तीतला फुटपाथ घ्या आणि चालून बघा. सुरुवातीला गुडघ्याएवढी पायरी, कारण रस्त्याचे थर वाढत गेले तसा फुटपाथही उचलला. मग पेव्हर ब्लॉक, त्यातले दोन हलणारे. पाऊस पडला की खालचं पाणी थेट पायजम्यावर. मग विजेचा डीपी बॉक्स, त्याला टेकून लावलेली स्कूटर. मग झाड, झाडाभोवती सिमेंटचं आळं, आळ्यात हार आणि नारळाच्या करवंट्या. मग एका बंगल्याच्या गेटसाठी केलेला उतार. मग फ्लेक्सचा खांब. इतकं झाल्यावर माणूस खाली उतरतो आणि गाडीवाला हॉर्न वाजवतो: फुटपाथ आहे ना, त्यावरून चाला की! इंडियन रोड्स काँग्रेसचे २०१२ चे नियम सांगतात की फुटपाथवर मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि कडेचा दगड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. हे नियम बनवणारे आणि न पाळणारे एकाच खात्यात एकमेकांना चहा पाजत असतात.

पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केलं, चांगलं धोरण आहे ते. आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन साजरा करायला सुरुवात झाली: त्या दिवशी गाड्या बंद, मुलं सापशिडी खेळतात, ढोल वाजतात, फोटो निघतात. मला हा कार्यक्रम आवडतो आणि त्याचा रागही येतो. ज्या रस्त्यावर रोज हजारो माणसं पायीच खरेदी करतात तिथे पायी चालायला एक सणाचा दिवस लागावा!

गाड्यांची गर्दी मोठी, रस्ते अरुंद, फुटपाथ रुंद केला तर वाहतूक तुंबते, दुकानदारांचं नुकसान होतं, असा युक्तिवाद होतो. तो सरसकट खोटा नाही. रुग्णवाहिका अडकते तेव्हा फुटपाथच्या रुंदीवर भाषण देऊन उपयोग नसतो. पण हा युक्तिवाद करणारे एक गोष्ट गृहीत धरून बसतात, की रस्ता मुळात गाडीचा आणि चालणाऱ्याला त्यातून तुकडा द्यायचा आहे. कायदा असं म्हणत नाही. १८८८ सालचा मुंबई महापालिका कायदा आजही लागू आहे. त्यात ‘स्ट्रीट’ची व्याख्या आहे: हायवे, पूल, रोड, लेन, फूटवे, बोळ, घोड्याची वाटसुद्धा; आणि रस्त्यावर गाडीची जागा व पायी चालायची जागा दोन्ही असतील तर स्ट्रीट म्हणजे ती दोन्ही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या साहेबाला जे समजत होतं ते आजच्या निविदेला समजत नाही. निविदेत रोड म्हणजे गाडीची पट्टी, आणि फुटपाथ त्याच्या खाली ‘इतर कामे’ या सदरात.

फेरीवाल्यांचा प्रश्न इथे आडवा येतोच. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की फुटपाथ लोकांच्या येण्याजाण्यासाठी आहे, पण त्याच निकालात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हेही म्हटलं. २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा आला, शहर फेरीवाला समित्या आणि नेमलेल्या जागा ठरवायला सांगितल्या गेल्या. बहुतेक ठिकाणी ते काम लोंबकळत आहे. माझ्या मते चालणारा आणि विकणारा यांना एकमेकांच्या अंगावर सोडणं हा सोयीचा डाव आहे. त्या दोघांच्या भांडणात फुटपाथवर लावलेली मोटार कुणी मोजत नाही. भाजीवालीची पाटी उचलून नेणारी अतिक्रमण विभागाची गाडी त्या मोटारीच्या बाजूनं वळसा घालून जाते.

रस्त्यावरून जायचा हक्क ही आपल्याकडे नुसती सोयीची बाब कधीच नव्हती. त्रावणकोरमधल्या वायकोमला १९२४-२५ मध्ये जो सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून ‘अस्पृश्यां’ना चालू द्यावं यासाठी होता. रस्ता सरकारी पैशानं राखलेला, आणि त्यावरून गाईगुरं जाऊ शकत, माणसं नाहीत. पुण्यात पेशवाईत सार्वजनिक रस्त्यावर कुणी सावली पाडायची नाही, कुणी कमरेला झाडू बांधायचा, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलं आहे. म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर ‘रस्ते’ हा शब्द मुद्दाम आहे. घटनाकारांना तिथे डांबर अभिप्रेत नव्हतं. आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथवरून सुरक्षित चालण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कात, अनुच्छेद २१ मध्ये येतो असं सांगितलं, तेव्हा ते काही नवं निर्माण करत नव्हतं.

आणि गंमत अशी की हा विचार आपल्याकडे इंग्रजांकडून आयात करायची गरजच नाही. खेड्यात तो जिवंत आहे. वहिवाट हा शब्द घ्या. ‘आमची इथून वहिवाट आहे’ असं शेतकरी म्हणतो तेव्हा तिथे रस्ता दिसेलच असं नाही. बांधावरून बैलगाडी जाते, औत जातं, पेरणीला बी जातं, आजोबांच्या वेळेपासून जातं. बस्स. कुणी बांध नांगरून टाकला, काटे लावले की तो तहसीलदाराकडे जातो: १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं अडथळा काढून मागतो, किंवा १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागतो. गाव नकाशा उलगडला जातो. त्यावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेनं दाखवलेली असते. तलाठी, मोजणीदार, दोन्ही बाजूंचे भाऊबंद, चावडीवर आलेले बघे, सगळे त्या पुसट रेषेवर वाकून भांडतात. कित्येक भांडणं दोन पिढ्या चालतात, डोकी फुटतात, हे खरं आहे. ग्रामीण जीवन म्हणजे सलोखा असलं चित्र मला रंगवायचं नाही. पण भांडण कशावर आहे पाहा. तिथे कुणी खडीचा थर मोजत नाही. ‘इथून जायचं की नाही’ एवढाच वाद असतो. २०२५ मध्ये शासनानं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात घ्यायचे आदेशही काढले.

इंग्लंडमध्ये याच जातीची यादी आहे. १९४९ च्या कायद्यानं प्रत्येक परगण्यानं आपल्या हद्दीतल्या पायवाटा नकाशावर आणायच्या होत्या, कारण १९३२ मध्ये किंडर स्काउट नावाच्या, लोकांना चालायला बंद असलेल्या खासगी माळावर शेकडो कामगार तरुण मुद्दाम घुसले होते, पाच जण तुरुंगात गेले होते आणि तो विषय मिटत नव्हता. २००० साली कायदा झाला की नकाशावर न आलेल्या जुन्या वाटांचे दावे २०२६ नंतर संपतील. हौसेनं पायी भटकणाऱ्यांच्या संघटनेनं जुने नकाशे धुंडाळून दाखवलं की ४९ हजार मैलांहून अधिक वाटा अशा सुटलेल्या आहेत. मुदत २०३१ पर्यंत ढकलली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं ती मुदतच रद्द करायचं जाहीर केलं. एका पायवाटेसाठी इतकी कागदपत्रं, इतकी वर्षं.

आपल्या शहरांकडे अशी नोंद नाही. विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी असते, १२ मीटर, १८ मीटर, ३० मीटर; त्यातली किती माणसाच्या पायांसाठी, हे आराखडा सांगत नाही. मग रस्ता रुंद करताना पहिला बळी फुटपाथ जातो आणि तो गेला हे कुठल्याही कागदावर उमटत नाही, कारण तो कागदावर नव्हताच. बांधावरच्या वाटेला जो सातबारा मिळू शकतो, तो टिळक रोडवरच्या किंवा दादरमधल्या चालायच्या जागेला का मिळू नये? प्रत्येक रस्त्यावरची पायी चालायची जागा, तिची मोकळी रुंदी, ओलांडायच्या जागा, सगळं मोजून महापालिकेनं नकाशावर आणावं, तो नकाशा जाहीर करावा आणि त्यातला एक मीटर जरी कमी करायचा असेल तर हरकती-सूचना मागवून, सुनावणी घेऊन करावा. जमिनीच्या आरक्षणात बदल करताना आपण हेच करतो. मोजणीला लागेल तो खर्च ४०० किलोमीटर काँक्रीटच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि मोजणारी माणसं महापालिकेच्या पथ विभागात आजही पगारावर आहेत. पुढचं अंदाजपत्रक मांडायच्या आधी प्रत्येक प्रभागानं निदान शाळा, दवाखाने आणि मंडयांच्या भोवतालचे रस्ते मोजून द्यावेत, सुरुवातीला एवढं पुरे.